ओळखीचा भाव

ओक ट्री रोडवर शनिवारी दुपारी गाडी लावायला सहज जागा मिळाली, तर जाणकार माणूस खूश होत नाही, घाबरतो. वादळाचा इशारा आहे की काय, भारत-पाकिस्तान मॅच आहे की काय, अशा शंका त्याच्या मनात येतात. न्यू जर्सीतल्या आयसेलिन आणि एडिसन या दोन गावांतून जाणारा हा रस्ता. सोनं, साड्या, किराणा, पाणीपुरी, भुवया कोरून देणारी पार्लरं, विमानाची तिकिटं काढून देणारे, टॅक्स भरून देणारे, व्हिसाचे वकील, सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून बसलेले. मेट्रोपार्क स्टेशनावरून सकाळी न्यूयॉर्कची गाडी पकडणारा माणूस आठवडाभर अमेरिकेत राहतो आणि शनिवारी इथे येऊन कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या करतो. २०२३च्या जानेवारीत तनिष्कने अमेरिकेतलं पहिलं दुकान काढलं ते न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर नाही, इथे. टाटांच्या माणसांनी त्याआधी बाजाराची पाहणी केली असेल, अहवाल लिहिले असतील. मला विचारलं असतं तर मी त्यांना शनिवारी चार वाजता पार्किंगमध्ये उभं केलं असतं.

या रस्त्यावरच्या जाहिरातकलेचा माझा अभ्यास जुना आहे. इथे ‘सेलचे शेवटचे तीन दिवस’ हा बोर्ड उन्हाने फिका पडेपर्यंत लटकतो. किराणावाले नव्या वर्षाला कॅलेंडर देतात आणि वर्षभर तुमच्या स्वयंपाकघरात फुकट मुक्काम करतात. पण खरा कळस पिशव्यांचा. ४ मे २०२२पासून न्यू जर्सीतल्या दुकानांना प्लॅस्टिकच्या पिशव्या द्यायला बंदी झाली, मोठ्या किराणा दुकानांत तर कागदीसुद्धा बंद. गोरे शेजारी हातात बारा अंडी, बगलेत पाव आणि हनुवटीखाली सेलरी धरून गाडीपर्यंत चालू लागले. दुकानदारांनी स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेल्या जाड पिशव्या विकायला काढल्या. आता आमची मंडळी त्या पिशव्या घेऊन वाचनालयात जातात, योगाला जातात, ऑफिसात डबा नेतात. गिऱ्हाईकाने स्वतः पैसे मोजून दुकानाची जाहिरात खांद्यावर घ्यायची आणि गावभर हिंडायचं! हार्वर्डमध्ये हे शिकवत असतील असं वाटत नाही.

अशा रस्त्यापासून पाच मिनिटांवर राहून आमच्या वहिनींनी दिवाळीचा फराळ विकायला काढला.

‘काढला’ म्हणणं बरोबर नाही, लोकांनी काढायला लावला. वहिनींच्या चकलीची कीर्ती आधीपासून होती. दरवर्षी दिवाळीत डबे भरभरून त्या वाटायच्या आणि दरवर्षी खाणारे तोंड भरलेलं असतानाच म्हणायचे, “वहिनी, तुम्ही हे विकायला पाहिजे!” या वाक्याचा मी बराच विचार केला आहे. ते म्हणणारा माणूस स्वतःला गिऱ्हाईक समजत नाही. विकायचं ते दुसऱ्या कोणाला तरी, असं तो गृहीत धरतो, आणि बोलता बोलता वाटी पुढे करतो.

पण वहिनींच्या यजमानांनी ते वाक्य गंभीरपणे घेतलं. दादा औषधांच्या कंपनीत मार्केटिंगमध्ये आहेत. न्यू जर्सीत औषधकंपन्यांना तोटा नाही आणि त्यांच्यात मार्केटिंगवाल्या मराठी माणसांनाही नाही. त्यांनी एका रविवारी आम्हाला बेसमेंटमध्ये बोलावून भिंतीवर प्रोजेक्टर लावला. पहिल्या स्लाइडवर चार ‘पी’ होते: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. हे चार पी जेरोम मॅकार्थी या प्राध्यापकाने १९६०मध्ये मांडले आणि पुढे फिलिप कोटलरच्या पुस्तकाने जगभर नेले, अशी माहिती दादांनी दिली. “त्याने चकलीचा विचार केला होता का?” असं वहिनींनी विचारलं. दादा पुढच्या स्लाइडवर गेले.

पुढची स्लाइड होती ‘टार्गेट ऑडियन्स’. तिशी ते पन्नाशी, दोघंही नोकरी करणारे, घरी फराळ करायला वेळ नाही, चकली मोडते.

“म्हणजे आपल्या भिशीतल्या सगळ्या,” वहिनी म्हणाल्या. “आणि हे असं लिहून कुठे पाठवू नका.”

मग ताकद, दुबळेपणा, संधी आणि धोका असे चार चौकोन आले. ताकदीत ‘भाजणी’. दुबळेपणात ‘मनुष्यबळ : १’. संधीत दादांनी ‘साउथ एशियन डायस्पोरा’ असं भारदस्त काहीतरी लिहिलं होतं. धोक्याचा चौकोन रिकामा होता, कारण दादांना धोका दिसत नव्हता. मला दिसत होता. तो माझ्याशेजारीच बसला होता आणि नमुन्याच्या डब्यातली सातवी चकली खात होता. तो आमच्याच भिशीतल्या एका घराचा कर्ता पुरुष.

मराठी माणसाला मार्केटिंग जमत नाही, असं मराठी माणसंच आवडीने सांगतात. मला ते पटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, नांगर पडून राहिले. त्यांनी धीर धरला, शेतकऱ्यांची समजूत काढली आणि नांगर खपवला. पुढे १९२०मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याच्या बातम्या देणाऱ्या त्या पत्राचं मोठं मासिक झालं आणि दोन पिढ्यांनी ते साहित्य म्हणून वाचलं. जाहिरात वाचायला लोकांकडून वर्गणी घेणं ही मार्केटिंगची केवढी मोठी मजल! १९७३पासून जयंतराव साळगावकरांच्या ‘कालनिर्णय’ने तर घराघरातली भिंतच बळकावली. आणि २०१७पर्यंत दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून त्याचीच कीर्ती झाली, हा चितळ्यांचा चमत्कार तर कोटलरलाही समजावून सांगता येणार नाही.

तेव्हा मार्केटिंग आम्हाला जमतं. अडतं ते दुसऱ्या ‘पी’वर. गिऱ्हाईक मिळवता येतं, माल उत्तम करता येतो, फक्त त्या गिऱ्हाईकाकडे पैसे मागता येत नाहीत. त्यातून ते गिऱ्हाईक ओळखीचं असलं, तर संपलंच. आणि आयसेलिनमध्ये ओळखीचं नसलेलं मराठी माणूस शोधायला बाहेरून माणूस आणावा लागेल.

पण आधी कायदा. २०२१पर्यंत न्यू जर्सीत घरी भाजलेला केक विकणंही बेकायदेशीर होतं. देशात असं हे शेवटचं राज्य होतं. घरी बेकिंग करणाऱ्यांनी कोर्टात लढा दिला आणि त्या वर्षी ऑक्टोबरपासून परवाना मिळू लागला. शंभर डॉलर भरायचे, दोन वर्षांचा परवाना घ्यायचा. फ्रिजची गरज नसलेले पदार्थ हवेत. विक्री थेट खाणाऱ्यालाच करायची, दुकानाला नाही, राज्याबाहेर तर नाहीच. म्हणजे डेलावेअर नदी ओलांडली की चकली गुन्हेगार. वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर विक्री करायची नाही, हेही कलम आहे. दादांनी त्यावर ‘वाढीतले अडथळे’ नावाची वेगळी स्लाइड केली. तोवर एकही चकली विकली गेली नव्हती.

मंजूर पदार्थांच्या यादीत पाव, केक, मध, जॅम, पॉपकॉर्न वगैरे होते. चकलीचं नाव नव्हतं. यादीबाहेरच्या पदार्थासाठी आरोग्य खात्याला लिहून विचारता येतं, तेव्हा वहिनींनी भाजणी, मोहन, तळण असं सगळं इंग्रजीत लिहून काढलं. काटेरी का, याचं स्पष्टीकरण दादांनी चित्रासह जोडलं.

खरी गंमत लेबलाची. हा पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात केला आहे आणि त्या स्वयंपाकघराची आरोग्य खात्याने तपासणी केलेली नाही, असं प्रत्येक डब्यावर स्पष्ट छापलं पाहिजे, असा नियम आहे. अमेरिकन गिऱ्हाईकाला सावध करण्यासाठी सरकारने ही ओळ घातली. दादा चिंतेत पडले, इतकं नकारात्मक वाक्य कुठल्याही ब्रँडला परवडत नाही म्हणाले. मी म्हटलं, दादा, हे वाक्य मोठ्या टाइपात छापा. ‘घरच्या स्वयंपाकघरात केलेलं, सरकारी माणसाने हात न लावलेलं’ यापेक्षा मोठी हमी मराठी गिऱ्हाईकाला कोणती देणार? पुण्यात अशा पाटीसाठी लोक रांग लावतील.

आता किंमत. दादांनी एक्सेलमध्ये तक्ता मांडला. तांदूळ, डाळी, तेल, गॅस, डबा, लेबल. मग ‘श्रम’ नावाचा रकाना. न्यू जर्सीत २०२५मध्ये किमान वेतन ताशी १५ डॉलर ४९ सेंट होतं. दादांनी ते भाजणी भाजायच्या, दळायच्या, मळायच्या आणि तळायच्या तासांनी गुणलं. आलेला आकडा पाहून सगळे गप्प झाले.

“या भावाने विकायची, तर तनिष्कशेजारी गाळा घ्यावा लागेल,” वहिनी म्हणाल्या. “आणि मी काय स्वतःच स्वतःला पगार देऊ? काहीतरीच!”

श्रमाचा रकाना उडाला. जगातल्या सगळ्या घरगुती उद्योगांच्या हिशेबातला हा पहिला बळी असतो. उरलेल्या आकड्यावर थोडा नफा धरून भाव ठरला. त्याला दादांनी ‘बेस प्राइस’ म्हटलं. तो अनोळखी लोकांसाठी. ओळखीच्यांसाठी वहिनींनी दोन डॉलर कमी केले. मग ओळखीचे कोण, हा प्रश्न आला. मराठी शाळेत मुलं बरोबर आहेत ते ओळखीचे. ढोलताशा पथकातले ओळखीचे. गणपतीत आरतीला शेजारी उभ्या असतात त्या ओळखीच्या, नाव माहीत नसलं तरी. दाताचे डॉक्टर ओळखीचे, शिवाय त्यांना चकली पुऱ्या भावाने देणं बरं नाही, धंद्याचा प्रश्न आहे. नणंदेच्या मैत्रिणीची वहिनी ओळखीची धरायची का, यावर अर्धा तास गेला. शेवटी ‘बेस प्राइस’ लागू होईल असा मराठी माणूस मिडलसेक्स काउंटीत उरला नाही.

पूर्ण भाव दिला तो एकट्या समोरच्या गुजराती बेननी. दहा डबे सांगितले, घासाघीस केली नाही, पैसे आगाऊ पाठवले आणि वर पावती मागितली. वहिनी गडबडल्या. पावतीपुस्तक दादांच्या आराखड्यात नव्हतं.

बाकीच्यांचं ‘झेल करते गं’ होतं. झेल म्हणजे बँकेतून बँकेत क्षणार्धात पैसे पाठवायची सोय. पैसे क्षणार्धात जातात, पण ‘करते’ आणि ‘केलं’ यांच्यामध्ये पंधरवडे लोटतात. आठवण करण्यासाठी वहिनी जो निरोप लिहायच्या त्याचा मसुदा मी पाहिला आहे: “अगं, चकली आवडली का? घाई नाही हं, सहज विचारलं.” दादांनी विचारलं, “घाई नाही असं कशाला लिहितेस? घाई आहे.” वहिनी म्हणाल्या, “आपल्या लक्षात आहे एवढं तिला कळलं पाहिजे, पण मागितलं असं वाटता कामा नये.”

त्यातच डब्यांचा घोटाळा. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आपली जुनी रीत. दादांनी डब्यांचे पैसे किमतीत धरले होते, परत कोणी मागितलेच नव्हते. तरी डबे धुऊन, पुसून परत येऊ लागले आणि त्यांत रव्याचे लाडू, कढीपत्ता, कुणाच्या परसातल्या मिरच्या, एका डब्यात तर चक्क चकल्या. “बघा बरं आमच्या कशा झाल्यात.” पैशांऐवजी हा आहेर आहे की पैशांशिवाय, हे विचारायची सोय नव्हती. दादांच्या एक्सेलमध्ये ‘मिरच्या’ असा रकाना पडला.

तिसरा पी, प्लेस. दुकानाला विकायचं नाही, तेव्हा विक्री घरूनच. दादांनी गॅरेजच्या दाराशी टेबल मांडून ‘पिकअप पॉइंट’ केला. गिऱ्हाईकाने गाडीतून उतरायचं, डबा घ्यायचा आणि जायचं, दोन मिनिटांचं काम. कोण असं जाईल? “आत या ना” म्हटल्याशिवाय वहिनींच्याने राहवेना आणि “नको, घाईत आहे” म्हणून आत आलेली माणसं चहा झाल्यावर पोह्यांची चौकशी करू लागली. एका डब्यामागे दोन कप चहा आणि पाऊण तास, हा खर्च हिशेबात कुठेच नव्हता.

प्रमोशनचं काम माझ्याकडे आलं, कारण मी लिहितो असा गैरसमज आहे. इथल्या प्रत्येक मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धंद्याच्या जाहिराती टाकायला मनाई असते. अ‍ॅडमिन त्याबाबत फार कडक, स्वतः घरं विकतो हे वगळता. म्हणून जाहिरात चौकशीच्या वेषात करावी लागते. आमच्या हिने विचारायचं, “कोणाला माहिती आहे का, इथे चांगली भाजणीची चकली कुठे मिळते?” आणि चार मिनिटांनी भिशीतल्या दुसरीने उत्तर द्यायचं. या नाटकाची तालीम दोनदा झाली. प्रत्यक्षात उत्तर दुसरीने द्यायच्या आत तिसरीने दिलं, की पटेलच्या किराणा दुकानात चितळ्यांची बाकरवडी आली आहे. मग बाकरवडी खरी कुठली, यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा झाली आणि चकली बुडाली.

पण खरा प्रतिस्पर्धी बाकरवडीचं पाकीट नव्हतं. तो भारतातून येत होता. विमान कंपन्या माणशी तेवीस तेवीस किलोच्या दोन बॅगा आणू देतात, आणि दिवाळीआधी आलेल्या सासूबाईंच्या बॅगांत स्वतःचे कपडे अडीच किलो असतात. ज्यांच्या सासूबाई येत नाहीत, त्यांच्याकडे पुण्या-मुंबईहून फराळाची पार्सलं येतात. दिवाळीआधी महिनाभर तिकडचे कुरिअरवाले दुसरं काही करतच नाहीत. आईने पाठवलेल्या, प्रवासात चुरा झालेल्या चकलीपुढे वहिनींची अखंड, कुरकुरीत चकली काय टिकणार! ‘इमोशनल लॉयल्टी’ असं दादा म्हणाले. त्यावर उपाय कोटलरमध्ये नाही.

उपाय वॉशिंग्टनहून आला. २९ ऑगस्ट २०२५पासून आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी अमेरिकेने बंद केली. चार दिवस आधीच भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट आहे म्हणत होते, पण प्रत्यक्षात नेणार कोण आणि कसं, याचा घोळ होता. कुरिअरचे दर वाढले. भिशीत पहिल्यांदाच जागतिक व्यापारावर गंभीर चर्चा झाली. “बेसनाच्या लाडवावर किती टक्के टॅरिफ?” असं एका आईने फलटणहून फोन करून विचारलं.

आणि वहिनींचा फोन वाजू लागला. टार्गेट ऑडियन्स, जिचा दादा वर्षभर पाठलाग करत होते, ती रांगेने गॅरेजशी येऊन उभी राहिली. दादांनी त्या दिवशी धोक्याच्या रिकाम्या चौकोनात काही न लिहिता संधीच्या चौकोनात ‘राष्ट्राध्यक्ष’ असं लिहिलं. टपाल खात्याने १५ ऑक्टोबरला पार्सलं पुन्हा घ्यायला सुरुवात केली, पण तोवर नोंदणी बंद करायची वेळ आली होती. बेसमेंटमध्ये तीन सोरे एकदम चालत होते आणि धुराचा अलार्म इतक्यांदा वाजला, की अग्निशामक दलाने एकदा डोकावून पाहिलं. त्यांनाही एक डबा गेला. ओळखीचे झाले ना.

एकच गोंधळ उरला, तारखेचा. महाराष्ट्रात त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. आमच्याकडे अमावास्या स्थानिक वेळेने २०च्या पहाटे लागून २१च्या सकाळी संपत होती, म्हणून पूजा २०च्या संध्याकाळी. वहिनींनी भिंतीवरचं कालनिर्णय पाहून ‘आदल्या दिवशी डबे न्या’ असं कळवलं, लोकांनी किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर बघून आधीच येऊन दारं वाजवली. दोन्ही कॅलेंडरं खरी होती. शेव मात्र तळायची राहिली होती.

दिवाळी आटोपल्यावर दादांनी सगळ्यांना एक फॉर्म पाठवला, ‘कस्टमर फीडबॅक’. एक ते पाच तारे. उत्तरं लगेच आली, झेलपेक्षा फार लवकर. जवळजवळ सगळ्यांनी चार तारे दिले होते. दादा म्हणाले, धोरणात नेमकी कुठे उणीव राहिली ते पाहू, आणि शेरे मोठ्याने वाचायला लागले. “चकली छान, मीठ किंचित पुढे.” “छान, पण आईची आठवण आली.” “तिखट मुलांना जास्त, मोठ्यांना कमी.” “उत्तम. भाव जरा ओळखीचा लावायला हवा होता.” हा शेवटचा शेरा त्या सात चकल्यांवाल्या गृहस्थांचा. त्यांचे पैसे अजून यायचे आहेत.

“याला काय उत्तर लिहायचं?” दादांनी विचारलं.

“लिहा,” वहिनी म्हणाल्या, “घाई नाही हं, सहज विचारलं.”